मॉरिस मायनर: ओळखावी कशी, घ्यावी कोणती

विक्रेता सांगतो, गाडी १९५३ ची आहे. कागदावरही तेच साल. पुढची काच मात्र एकसंध आणि किंचित वळणदार. मॉरिस मायनरची थोडीफार ओळख असलेला माणूस इथेच थांबेल, कारण १९५३ साली मायनरला अशी काच नव्हती. तेव्हा पुढे दोन सपाट काचा असत आणि मध्ये उभी पट्टी. एकसंध काच आली ती ऑक्टोबर १९५६ मध्ये. मग एक तर सांगाडाच दुसऱ्या गाडीचा आहे, नाहीतर कागद दुसऱ्या गाडीचे. दोन्हींपैकी काहीही असलं तरी भाव पडायला हवा, आणि विक्रेत्यानं खुलासा करायला हवा.

मायनर १९४८ पासून १९७१ पर्यंत बनत होती. सगळे प्रकार धरले तर आकडा १६ लाखांच्या घरात जातो. एवढ्या वर्षांत तिचं रूप मुळात बदललं नाही, आणि घेणाऱ्याची फसगत होते ती त्यामुळेच. दारं, मडगार्ड, बॉनेट, चाकं, गिअरबॉक्स, इंजिन यांतल्या पुष्कळ गोष्टी एका सालच्या गाडीच्या दुसऱ्या सालच्या गाडीला बसतात, आणि सत्तर वर्षांत त्या बसवल्याही गेल्या आहेत. म्हणून या गाडीचा इतिहास वाचायचा तो हौस म्हणून नव्हे, खरेदीचं हत्यार म्हणून. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींना ‘एक जुनी गाडी असावी’ असं वाटतं, त्यांच्यासाठी हा लेख मुख्यतः आहे. भारतात कुणाच्या वाड्याच्या पडवीत मायनरचा भारतीय अवतार ‘बेबी हिंदुस्तान’ ताडपत्रीखाली उभी असेल, तर त्यांच्याही कामाचं शेवटी थोडं सांगितलं आहे.

गाडीचा जनक ॲलेक इसिगोनिस. आजच्या तुर्कस्तानातल्या इझमीरमध्ये १९०६ साली जन्मलेला हा माणूस पुढे १९५९ च्या मिनीमुळे जगभर गाजला, पण त्याची पहिली मोठी गाडी मायनर. दुसरं महायुद्ध चालू असतानाच मॉरिस कंपनीत ‘मॉस्किटो’ या सांकेतिक नावानं तिचं काम सुरू झालं होतं. स्वतंत्र पुढचं सस्पेन्शन, रॅक अँड पिनियन स्टिअरिंग आणि त्या काळाच्या मानानं लहान अशी १४ इंची चाकं या तीन गोष्टींनी गाडीला जो रस्ता धरायचा गुण दिला, तो त्या वेळच्या स्वस्त गाड्यांत नव्हता. कंपनीचे मालक लॉर्ड नफिल्ड यांना मात्र ती आवडली नाही. पाण्यात उकडलेल्या अंड्यासारखी दिसते, असं ते म्हणाले. ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात ती लोकांसमोर आली, आणि पुढे हेच अंडं दहा लाखांचा टप्पा ओलांडणारी पहिली ब्रिटिश गाडी ठरलं.

प्रदर्शनाला वर्ष राहिलं असताना इसिगोनिसला वाटलं, गाडी अरुंद दिसते. नमुन्याची गाडी उभी मधोमध कापायला लावून त्यानं दोन्ही अर्धे थोडे थोडे बाजूला सरकवून पाहिले, आणि ४ इंचांवर थांबला. त्या ४ इंचांची खूण आजही बॉनेटवर आहे: मधोमध पुढून मागे जाणारी सपाट, उंचावलेली पट्टी. बंपर तोवर बनून तयार होते. ते कापून मध्ये जोडपट्टी घालण्यात आली, आणि अगदी सुरुवातीच्या गाड्यांवर ती दिसते. जुन्या गाडीचा बंपर अखंड असेल तर तो नंतरचा. त्यात गैर काही नाही, पण ‘सगळं मूळचं’ हा दावा तेवढ्यापुरता खोटा.

साल वाचायचं कसं

पहिली पिढी म्हणजे सीरिज एमएम, १९४८ ते १९५३. इंजिन ९१८ सीसीचं, साइड-वॉल्व्ह, २७.५ अश्वशक्तीचं. इसिगोनिसला खरं तर आडव्या चार सिलिंडरांचं नवं इंजिन हवं होतं. ते झालं नाही आणि जुनंच बसवावं लागलं. पण त्या न आलेल्या इंजिनासाठी ठेवलेली ऐसपैस जागा राहिली. आज मायनरचं बॉनेट उघडल्यावर हात कुठंही घालता येतो, त्याचं हे कारण. अगदी सुरुवातीच्या गाड्यांत पाण्याचा पंपही नव्हता. गरम पाणी वर चढतं आणि गार पाणी खाली उतरतं, एवढ्या भरवशावर इंजिन थंड राहत असे.

या पिढीच्या आरंभीच्या गाड्यांचे हेडलाइट खाली, जाळीतच बसवलेले आहेत. इंग्लंडात त्यांना ‘लोलाइट’ म्हणतात. अमेरिकेच्या नियमानुसार दिवे जमिनीपासून ठरावीक उंचीवर लागत, आणि युद्धानंतरच्या ब्रिटनला डॉलरची निकड होती. म्हणून १९४९ पासून अमेरिकेला जाणाऱ्या गाड्यांचे दिवे वर मडगार्डांवर गेले. जानेवारी १९५१ पासून सगळ्याच गाड्यांचे गेले. चार दारांची सलून सप्टेंबर १९५० मध्ये आली, ती मुळातच वरच्या दिव्यांची. तेव्हा चार दारांची ‘लोलाइट’ कुणी दाखवली तर समजावं, मडगार्ड आणि जाळी बदलून कुणीतरी हात दाखवला आहे.

१९५२ मध्ये ऑस्टिन आणि नफिल्ड या दोन घराण्यांचं लग्न लागून ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन जन्माला आली. माहेराहून ऑस्टिननं ए-सीरिज इंजिन आणलं. ८०३ सीसीचं, ओव्हरहेड वॉल्व्हचं, ३० अश्वशक्तीचं हे इंजिन आधी निर्यातीच्या आणि १९५३ च्या सुरुवातीपासून सगळ्याच मायनरमध्ये बसू लागलं. हीच सीरिज टू. कागदावर ही प्रगती होती. रस्त्यावर तेवढी नाही. गिअरचं प्रमाण विचित्र पडलं, गाडी चढाला लवकर दम टाकते आणि सपाटीला उगाच ओरडते. पुढे ए-सीरिज इंजिननं मोठं नाव कमावलं, पण ८०३ वर त्या नावाचं श्रेय टाकू नये. क्रँकच्या बेअरिंगच्या बाबतीत ते नंतरच्या भावंडांएवढं टणक नाही.

ऑक्टोबर १९५४ मध्ये पुढची जाळी बदलली: बारीक जाळीऐवजी आडव्या पट्ट्या आल्या आणि डॅशबोर्डच्या मधोमध एकच मोठा स्पीडोमीटर. हे लक्षात राहिलं की जुन्या, दोन काचांच्या मायनरचं साल लांबूनच सांगता येतं. दोन काचा आणि आडव्या पट्ट्या असतील, तर गाडी १९५४ ते ५६ मधली. दोन काचा, वरचे दिवे आणि बारीक जाळी असेल, तर बहुधा १९५१ ते ५४ मधली, आणि मग बॉनेट उघडावं. स्पार्क प्लग सपाट हेडच्या माथ्यावर उभे खोचलेले दिसले तर साइड-वॉल्व्ह. वर पत्र्याचं लांबट झाकण आणि प्लग बाजूला दिसले तर ऑस्टिनचं इंजिन.

मग १९५६ च्या ऑक्टोबरची मायनर १०००, आणि खरी गाडी इथे सुरू होते, असं माझं मत. पुढे एकसंध वळणदार काच, मागची काच मोठी, इंजिन ९४८ सीसीचं आणि ३७ अश्वशक्तीचं. मागच्या आसाचं प्रमाण ४.५५ झालं, म्हणजे तेवढ्याच वेगाला इंजिन कमी फिरू लागलं, आणि गिअर एकदाचे नीट विभागले गेले. एमएम कशीबशी ताशी १०० किलोमीटरला पोचत असे. ही ११५ च्या पुढे जाते. १९५९ च्या नोव्हेंबरात लंडनहून उत्तरेकडे जाणारा एम-वन हमरस्ता खुला झाला, तेव्हा त्यावर निभावेल अशी मायनर लोकांच्या हातात आधीच आलेली होती.

डिसेंबर १९६० मध्ये दहा लाखावी मायनर बनली आणि त्या निमित्तानं ३५० गाड्यांची खास तुकडी निघाली: दोन दारांच्या, फिक्या जांभळ्या रंगाच्या, पांढऱ्या गाद्यांच्या, आणि बाजूला ‘१०००’ ऐवजी ‘१०,००,०००’ असा आकडा मिरवणाऱ्या. रंग कुणालाही मारता येतो आणि बिल्लेही विकत मिळतात. अशी गाडी कुणी देऊ केली तर कारखान्याच्या नोंदीचा दाखला मागा. तो ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्टकडून मिळतो. दाखला नसेल तर ती जांभळी गाडी म्हणून घ्या आणि जांभळ्या गाडीचेच पैसे द्या.

पुढचे बदल भराभर सांगतो. १९६१ मध्ये दारामागच्या खांबातून बाहेर पडणारे, हात दाखवल्यासारखे ट्रॅफिकेटर गेले आणि चमकणारे इंडिकेटर आले. म्हणून ‘१९६६ ची’ म्हणून दाखवलेल्या सलूनच्या खांबात ट्रॅफिकेटरची खाच दिसली तर प्रश्न विचारावा. १९६२ च्या शरदात १०९८ सीसीचं, ४८ अश्वशक्तीचं इंजिन आलं, मागच्या आसाचं प्रमाण ४.२२ झालं आणि पुढचे ब्रेक ड्रम ७ इंचांवरून ८ इंचांचे झाले. १९६४ मध्ये डॅशबोर्ड आणि हीटर सुधारले, स्टिअरिंग दोन दांड्यांचं झालं, आणि सेल्फ मारायला दांडी ओढायची गरज संपून चावीवरच काम होऊ लागलं. त्यानंतर शेवटापर्यंत सांगण्यासारखं फारसं झालं नाही. कंपनीचं लक्ष दुसरीकडे होतं. उघड्या टपाची मायनर १९६९ मध्ये बंद झाली, सलून १९७० मध्ये, लाकडी ट्रॅव्हलर १९७१ मध्ये. जागा घेतली मॉरिस मरीनानं, आणि मजा अशी की मरीनाच्या पुढच्या चाकांखाली मायनरचंच टॉर्शन बारचं सस्पेन्शन होतं. थोरलीचे कपडे धाकटीनं घातले, पण थोरलीसारखं नाव काही तिला मिळालं नाही.

चेसिस नंबर ही शेवटची साक्ष. तो बॉनेटखाली, इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीवरच्या पट्टीवर असतो. मायनर १००० च्या काळात नंबराआधीची अक्षरं गाडीचा प्रकार सांगतात: एमए-टू-एस म्हणजे दोन दारांची सलून, एमए-एस चार दारांची, एमए-टी उघड्या टपाची, एमए-डब्ल्यू ट्रॅव्हलर. त्यापुढे ३ असेल तर ९४८ सीसीचा काळ, ५ असेल तर १०९८ चा. इंजिनाचा नंबर वेगळा पाहावा. १०-एमए नं सुरू होत असेल तर ते १०९८ आहे. चेसिस ३ सांगतो आणि इंजिन १०-एमए, असं पुष्कळदा दिसेल. पन्नास वर्षांत कुणीतरी इंजिन बदललं, एवढाच त्याचा अर्थ. चालवायला ते उलट बरंच, फक्त कागदावर त्याची नोंद झालेली असावी.

उघडी आणि लाकडी

उघड्या टपाच्या गाडीला सलूनपेक्षा बराच जास्त भाव येतो, म्हणून दोन दारांच्या सलूनचं छत कापून ती बनवण्याचा उद्योग ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं चालला आहे. काही कारागीर ते काम चोख करतात, सगळे नाही. छत हा गाडीच्या ताकदीचा भाग असतो. कारखान्यानं उघडी गाडी बनवताना दारांच्या खांबांपाशी आणि खालच्या बाजूनं जादा पत्रे घालून ती ताकद भरून काढली होती. घरगुती कापाकापीत ते राहून गेलं असेल तर गाडी मधून वाकते, दारं अडकू लागतात, आणि अपघातात काय होईल ते सांगायला नको. मायनर १००० च्या काळातल्या गाडीच्या चेसिसवर एमए-टी नसेल आणि छत नसेल, तर ती कापलेली सलून. तशी घ्यायला हरकत नाही. पण खालचं काम वेल्डिंग समजणाऱ्या माणसाला दाखवून, आणि सलूनच्याच भावात.

ऑक्टोबर १९५३ मध्ये आलेली ट्रॅव्हलर पाहून लोक हमखास भाळतात. मागचा निम्मा भाग ॲश लाकडाच्या चौकटीचा, मधले पत्रे ॲल्युमिनिअमचे. पुष्कळांना वाटतं, लाकूड शोभेसाठी वरून चिकटवलेलं आहे. तसं नाही, ते गाडीचा सांगाडा आहे. ते कुजलं तर मागची गाडी कशावर उभी राहील? वार्षिक तपासणीतही ते सांगाडा म्हणूनच पाहिलं जातं. तपासताना वरच्या चकाकीकडे दुर्लक्ष करावं. खिडक्यांच्या खालच्या आडव्या दांड्या, मागच्या चाकावरची कमान, मागच्या दोन दारांचे खालचे कोपरे आणि सगळे सांधे पाहावेत. लाकूड काळं पडलं असेल तर पाणी आत गेलं आहे. अंगठ्यानं जोरात दाबावं. दबलं तर सुतार बोलवावा लागणार आणि तोही या कामातला. खिडक्यांच्या सरकपट्टीत शेवाळ उगवल्याच्या गोष्टी ब्रिटनमध्ये विनोद म्हणून सांगतात, पण ओल्या हवेत उघड्यावर ठेवलेल्या ट्रॅव्हलरमध्ये ते खरंच उगवतं. आच्छादित जागा नसेल तर ट्रॅव्हलरचा नाद करू नये, हे माझं स्पष्ट म्हणणं आहे.

व्हॅन आणि पिकअप हा वेगळाच पंथ. ब्रिटनच्या टपाल खात्यानं घेतलेल्या सुरुवातीच्या काही व्हॅनना रबरी मडगार्ड होते आणि त्यांवर दिवे वेगळे बसवलेले. कामाच्या गाड्या कामातच संपल्या, त्यामुळे धड अवस्थेतली व्हॅन आज सलूनपेक्षा दुर्मिळ आहे.

गंज कुठं पाहावा

आता खाली बसा. क्रोम आणि रंग यांवर भाव ठरवणारा माणूस या गाडीत हमखास मार खातो.

मायनरचे चारही मडगार्ड नटबोल्टांनी बसवलेले आहेत. ते सडले असतील तर घाबरू नये. नवे मिळतात आणि शनिवार-रविवारात बदलता येतात. विक्रेतेही हे ओळखून असतात, म्हणून मडगार्ड चकचकीत करून गाडी बाजारात आणतात. खरा पैसा जातो तो दारांखालच्या लांबट पेटीसारख्या भागात, म्हणजे सिलमध्ये, जमिनीच्या कडांत, दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या मधल्या आडव्या तुळईच्या टोकांत, पुढे इंजिनाला धरणाऱ्या दोन लांब दांड्यांत, आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांची टोकं जिथं बॉडीला टांगलेली असतात तिथं. बॅटरीखालची तबकडी आणि डिकीचा तळही पाहावा. लोहचुंबक एका पातळ फडक्यात गुंडाळून सिलवरून फिरवा. जिथं तो धरत नाही तिथं पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. नव्या डांबरी रंगाचा जाड थर खालून मारलेला असेल तर तो कशावर मारला आहे, हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे.

एक सोपी परीक्षा आहे आणि ती कुणी करू देत नसेल तर तिथूनच परतावं. आधी दोन्ही पुढची दारं उघडून लावून पाहा, फट कुठं किती आहे ते लक्षात ठेवा. मग मूळच्या जॅकच्या जागी जॅक लावून ती बाजू उचला आणि दार पुन्हा उघडा. गाडीखाली मात्र या वेळी कुणी जाऊ नये. दार आधीसारखंच उघडलं-मिटलं तर सांगाडा बरा. फट बदलली, दार घासायला लागलं किंवा जॅकच पत्र्यात रुतला, तर आत काय शिल्लक आहे ते कळलं.

पुढच्या चाकांकडे विशेष लक्ष हवं. चाक ज्या उभ्या दांडीवर वळतं तिची दोन्ही टोकं आट्यांवर फिरणाऱ्या ठोकळ्यांत बसलेली असतात. त्यांना ट्रनियन म्हणतात. त्यांना हजार मैलांनी ग्रीस मारावं असं जुनं पुस्तक सांगतं, आणि लोक विसरतात. आटे झिजले की एक दिवस वळणावर किंवा खड्ड्यात ते सुटतात आणि चाक गाडीखाली दुमडतं. सहसा हे कमी वेगात होतं, हेच नशीब. गाडी उचलून चाक वर आणि खाली धरून हलवा. खडखड लागली तर दुरुस्तीचा खर्च भावातून वजा करा. ग्रीसची निपल स्वच्छ आणि ओली दिसली तर मालक काळजी घेणारा आहे, हे मात्र खात्रीनं समजावं. मला इतर कुठल्याही कागदापेक्षा ही खूण जास्त पटते.

ब्रेकचा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायांखाली, जमिनीखालच्या दांडीच्या पोटात दडवलेला आहे. तो काढायचा म्हणजे टॉर्शन बार सैल करावा लागतो, म्हणून मेस्त्रीही टाळाटाळ करतात. पॅडल दाबून अर्धा मिनिट तसंच धरा. ते हळूहळू खाली बसत गेलं तर ते काम पुढ्यात वाढून ठेवलं आहे असं समजा. गळकं ब्रेक ऑइल त्या दांडीचा रंग आणि मग पत्राही खातं.

इंजिनाबद्दल थोडं सांगितलं तरी पुरे. ९४८ आणि १०९८ ही दोन्ही इंजिनं टिकाऊ, सोपी आणि सुटे भाग सहज मिळणारी. मागच्या बाजूला, क्लचच्या खोळीखालून, थोडं तेल ठिबकणं हा ए-सीरिजचा जन्मजात स्वभाव आहे. ठिबकणं आणि वाहणं यांत फरक मात्र करावा. चालू करताना खालून ठोके, चढावर निळा धूर, वेग सोडल्यावर दुसरा गिअर निसटणं, या तीन गोष्टींना नकार द्यावा किंवा भाव पाडावा. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, त्यामुळे गाडी थांबल्याशिवाय तो पडत नाही. ती नादुरुस्ती नव्हे. एसयू कार्ब्युरेटरच्या माथ्यावरच्या नळीत थोडं तेल असावं लागतं. कोरडी असेल तर गाडी वेग घेताना अडखळते, आणि ही खोड दोन मिनिटांत जाते.

विजेच्या बाबतीत एक गोष्ट विसरू नये. या गाड्यांत बॅटरीचा धन ध्रुव बॉडीला जोडलेला असतो, आजच्या गाड्यांच्या अगदी उलट. आजचा रेडिओ किंवा फोनचा चार्जर विचार न करता जोडला तर जळतो. पेट्रोलचीही काळजी घ्यावी लागते. ही इंजिनं शिसं असलेल्या पेट्रोलसाठी बनवलेली होती. हेड काढून एक्झॉस्टच्या वॉल्व्हना कठीण धातूच्या सीट बसवल्या आहेत का, ते विचारा. बसवल्या असतील तर प्रश्न मिटला. नसतील तर पेट्रोलमध्ये मिसळण्याचं द्रव्य वापरत राहावं आणि हमरस्त्यावर तासन्तास ताणून धरू नये. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि जुन्या रबरी नळ्या व पंपाचे पडदे ते खातं. महागडं पेट्रोल भरा किंवा नळ्या बदलून घ्या. मी नळ्या बदलण्याच्या बाजूचा आहे, कारण त्या तशाही जुन्या झालेल्या असतात.

कागदपत्रं आणि रोजचा वापर

ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या गाडीला ऐतिहासिक वर्गात नोंदवता येतं. मग रस्ता कर शून्य. मे २०१८ पासून अशा गाडीला वार्षिक एमओटी तपासणीही सक्तीची राहिलेली नाही, मात्र मागच्या ३० वर्षांत मोठे फेरफार झालेले नसावेत. ऐतिहासिक वर्गातल्या गाडीला लंडनच्या कमी प्रदूषणाच्या क्षेत्राचा आकारही लागत नाही. सूट आहे म्हणून तपासणी टाळू नका. वर्षातून एकदा ती स्वतःहून करून घ्यावी. विकणाऱ्यानं दहा वर्षं एकही तपासणी केलेली नसेल, तर ती सवलत त्याच्या सोयीची होती, तुमच्या नव्हे.

मरीनाचे डिस्क ब्रेक, १२७५ सीसीचं इंजिन, डायनामोऐवजी अल्टरनेटर, असे बदल पुष्कळ मायनरवर केलेले आढळतात. रोज चालवायची असेल तर डिस्क ब्रेक चांगलेच. पण ते काम कुणी केलं, विमा कंपनीला कळवलं आहे का, आणि फेरफारांमुळे तपासणीची सूट जाते का, हे आधी पाहावं. मॉरिस मायनर ओनर्स क्लबचं सदस्यत्व गाडी घेण्याआधी घ्या. शाखेच्या सभेला गेलात तर तुमच्याच गावातल्या गाड्यांची कुंडली सांगणारे भेटतील. सुट्या भागांची चणचण नाही. बाथ शहरात १९७६ मध्ये मॉरिस मायनर सेंटर सुरू करणाऱ्या चार्ल्स वेअर यांनी ही गाडी फेकायची नसून पुन्हापुन्हा बांधून वापरायची आहे, असा आग्रह धरला आणि पत्र्याचे भाग श्रीलंकेत बनवून घेण्यापर्यंत मजल मारली. आज मायनरचा बहुतेक प्रत्येक भाग नवा मिळतो, तो अशा लोकांमुळे.

भारतात ही गाडी आली ती हिंदुस्तान मोटर्सच्या नावानं. उत्तरपाड्याच्या कारखान्यात सीरिज एमएमवरून ‘बेबी हिंदुस्तान’ बनवली जात असे. तिची थोरली भावंडं म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेल्या लँडमास्टर आणि ॲम्बेसेडर; त्यांतली ॲम्बेसेडर २०१४ पर्यंत निघत होती. त्या घराण्यातही पुढे टॉर्शन बार आणि रॅक अँड पिनियनच आहे. त्यामुळे ॲम्बेसेडरवर हात बसलेला जुना मेस्त्री बेबीच्या खाली शिरला तर गोंधळत नाही. अडचण येते ती ९१८ सीसीच्या साइड-वॉल्व्ह इंजिनाच्या भागांची. ते ब्रिटनहूनच मागवावे लागतात, आणि आपल्या उन्हात हे इंजिन लवकर तापतं. रेडिएटर आतून साफ करून घेतल्याशिवाय एप्रिल-मे महिन्यात ती बाहेर काढू नये. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरच्या आणि मूळ रूपात असलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद होते, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला रस्त्यावर आणता येते. रोज कामावर नेता येत नाही. कागद आजोबांच्या नावावर अडकलेले असतील तर रंगाचं काम सुरू करण्याआधी वारसाची नोंद करून घ्या.

मग घ्यावी कोणती? संग्रहात ठेवायची असेल आणि भागांसाठी वर्षभर थांबायची तयारी असेल तर ‘लोलाइट’. दोन काचांचा जुना चेहराच हवा असेल तर १९५४ नंतरची सीरिज टू, पण आत ९४८ चं इंजिन आणि गिअरबॉक्स बसवलेली मिळाली तर अधिक बरं. शुद्धतावादी रागावतील, तुमचे चढ सोपे होतील. पहिलीच जुनी गाडी असेल आणि ती खरोखर चालवायची असेल, तर १९६२ नंतरची १०९८ सीसीची साधी सलून घ्या, दोन दारांची किंवा चार दारांची. रंग उडालेला चालेल, गाद्या फाटलेल्या चालतील, मडगार्ड सडलेले चालतील. सिल आणि मधली तुळई मात्र शाबूत हवी.